सातव्या नमुन्यातली ती एक ओळ: महिला व बाल विकास आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य, पुणे

प्रत माहितीसाठी: सर्व बाल कल्याण समित्या, बाल न्याय मंडळे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष

विषय: बालगृहे, निरीक्षणगृहे व प्रतिपालक (मूल तात्पुरते सांभाळणाऱ्या) कुटुंबांत राहणाऱ्या मुलांच्या धर्मविषयक हक्कांबाबत लेखी सूचना काढण्याविषयी

सन्माननीय आयुक्त,
सविनय नमस्कार.

बालगृहात दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो. आपल्या यंत्रणेत सगळे त्याला आयसीपी म्हणतात. केंद्राच्या २०१६ च्या बाल न्याय आदर्श नियमांत त्याचा नमुना सातव्या क्रमांकावर आहे. त्यात आरोग्य व आहार, भावनिक आधार, शिक्षण, खेळ, नातेसंबंध अशा गरजा एकाखाली एक मांडल्या आहेत आणि त्याच यादीत ‘धार्मिक श्रद्धा’ ही स्वतंत्र ओळ आहे. तिच्यापुढे दोन रकाने: अडचण काय, आणि त्यावर काय करणार. आमच्या हाताखालून जाणाऱ्या फायलींत ही ओळ एक तर कोरी असते, किंवा तिथे ‘हिंदू’, ‘मुस्लिम’ एवढा एकच शब्द असतो, किंवा ‘लागू नाही’. हा रकाना कोणी तपासत नाही, कोणी परत पाठवत नाही. आमची तक्रार इथून सुरू होते.

आम्ही बालगृहांत काम करणारे समुपदेशक, गृहचौकशी करणारे सामाजिक कार्यकर्ते आणि बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या समितीपुढे, मुलांची बाजू मांडणारे वकील आहोत. आमच्यात देव मानणारे आहेत, न मानणारे आहेत, आणि एकाच धर्माचे तर मुळीच नाही. ज्यांच्यासाठी लिहीत आहोत त्या मुलांना मतदान नाही, संघटना नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ मुळे त्यांचे नाव किंवा चेहरा बाहेर येऊ शकत नाही, आणि येऊही नये. म्हणून त्यांच्या वतीने मोठ्यांना जाहीर बोलावे लागते.

बालगृह आणि धर्म एकत्र आले की बातमी ठरलेली असते: अमुक संस्थेत मुलांचे धर्मांतर. तशी तक्रार आली तर चौकशी व्हावी, खरी निघाली तर कारवाई व्हावी, यात दुमत नाही. पण त्या गदारोळात रोजचे राहून जाते. सकाळच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून ज्याचा संध्याकाळचा टीव्ही बंद झाला, त्या मुलाची बातमी होत नाही. आणि हे कुठल्या एका धर्माच्या संस्थांचे वैशिष्ट्यही नाही. ट्रस्टच्या बालगृहात आरती, मिशनच्या बालगृहात जेवणाआधीची प्रार्थना, यतीमखान्यात नमाज, आणि सरकारी गृहात अधीक्षकांच्या घरी जे चालते ते. संस्था चालवणाऱ्याचा धर्म तोच प्रवेशितांचा धर्म, हे सगळीकडे न बोलता ठरून गेले आहे.

कायदा आपल्याला ठाऊक आहे. वाचकांसाठी थोडक्यात लिहितो. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ३ मुलाचा सहभाग, समानता आणि खासगीपण ही मूलभूत तत्त्वे म्हणून सांगते. त्याच कलमात आणखी एक तत्त्व आहे: मूल लवकरात लवकर कुटुंबात परत जावे, आणि या कायद्याच्या कक्षेत येण्यापूर्वी ते ज्या सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक स्थितीत होते, त्याच स्थितीत परत जावे. म्हणजे घरी पोहोचलेले मूल घरच्यांना परके वाटता कामा नये. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क करारातला अनुच्छेद २० तर कुटुंबाबाहेर वाढणाऱ्या मुलांसाठीच आहे. अशा मुलाची सोय करताना त्याच्या संगोपनातले सातत्य आणि त्याची धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमी लक्षात घ्या, असे तो सांगतो.

राज्यघटनेचा अनुच्छेद २८(३) म्हणतो की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येणार नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागेल. तरतूद शिक्षणसंस्थांची आहे, बालगृहांची नाही. पण समजा तीच कसोटी लावली, तर बालगृहात पालक कोण? बाल न्याय अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे ज्याच्याकडे मुलाचा प्रत्यक्ष ताबा आहे आणि ज्याला समितीने मान्य केले आहे तो, व्यवहारात अधीक्षक. प्रार्थनेला बसवणारा तोच, संमती देणाराही तोच. मुलाच्या बाजूने कोणीच उरत नाही. म्हणून मुलाला स्वतःला विचारणे हाच मार्ग आहे, आणि नेमके तेच होत नाही.

आता तक्रारी, जशा घडतात त्या क्रमाने.

१. पहिला दिवस

मूल बहुधा अवेळी येते, पोलिसांबरोबर किंवा १०९८ या बाल मदत क्रमांकावर आलेल्या फोननंतर. आंघोळ, कपडे, उवा असतील तर केस, आणि अंगावरच्या वस्तू जमा. या वस्तूंत ताईत असतो, क्रूस असतो, तुळशीची माळ, पंचशीलाचा धागा, आईने बांधलेला काळा दोरा असतो. पैशांची आणि दागिन्यांची नोंद होते. दोऱ्याची होत नाही. तो कापून कचऱ्यात जातो.

गळ्यातल्या दोऱ्याचा धोका आम्ही नाकारत नाही. स्वतःला इजा करून घेईल अशी शंका असलेल्या मुलाच्या गळ्यात काहीही नको. पण त्यासाठी दोरा फेकावा लागत नाही. गळ्यातले मनगटावर बांधावे, तेही ओढताच तुटेल अशा बारीक सुती धाग्यात. जे अंगावर ठेवता येत नाही ते पाकिटात घालून, नाव-तारीख लिहून, सामानाच्या नोंदवहीत मुलाची सही घेऊन ठेवावे. दुसऱ्या गृहात बदली झाली तर पाकीट फायलीबरोबर जावे. बदलीत फाईल पोहोचते आणि सामान मागे राहते, हे यंत्रणेतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

केसांचेही तेच. शीख मुलाचे किंवा नवसाचे राखलेले केस उवांसाठी सरसकट कापले जातात. एक टक्क्याचे पर्मेथ्रिन लोशन दहा मिनिटे, मग बारीक दातांची फणी, आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा, एवढ्याने काम होते. कात्री वेळ वाचवते, हे मान्य. पण तो वेळ वाचतो कर्मचाऱ्याचा.

२. आडनावावरून धर्म

सगळ्यात लांबवर परिणाम करणारी चूक ही आहे, आणि ती पाच मिनिटांत होते. मुलाचा पहिला कागद पोलीस ठाण्यात भरला जातो. तिथे धर्मापुढे जो शब्द पडतो तो समितीच्या आदेशात येतो, तिथून प्रवेश नोंदवहीत, तिथून आयसीपीत, आणि जूनमध्ये शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. मधे कोणी मुलाला विचारलेले नसते.

महाराष्ट्रात आडनावावरून धर्म ओळखायला जाणे म्हणजे चुकीला आमंत्रण. गायकवाड मराठा असतात, बौद्ध असतात, अहिल्यानगरकडे ख्रिस्तीही असतात. पवार म्हटले तर मराठा असेल नाही तर पारधी. कांबळे म्हटल्यावर कोणी ‘हिंदू महार’ लिहितो, कोणी ‘बौद्ध’, दोघेही अंदाजाने. वारली मुलापुढे तर विचारायची गरजच वाटत नाही, ‘हिंदू’ लिहून मोकळे होतात. त्याच्या घरी हिरवा देव, वाघदेव, कणसरी यांना मान असतो, याची दखल घ्यायला नमुन्यात भरपूर जागा आहे, घेणारा नाही. सापडलेल्या बाळाचा धर्म कोणालाच माहीत नसतो. तिथे ‘अज्ञात’ हाच खरा शब्द, पण तो लिहायला कोणी धजावत नाही.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर हा शब्द मुलाच्या आडवा येतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या माणसाचा दर्जा कायम राहतो, पण जातीचा दाखला आणि पडताळणी यांसाठी कागद एकमेकांशी जुळावे लागतात. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर एक आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरेच असेल तर ते मूल कुणाकडे दाद मागणार? शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली नोंद बदलून घेणे घरदार असलेल्यांनाही जिकिरीचे जाते. बालगृहातून बाहेर पडलेल्या पोरक्या मुलाला ते जवळपास अशक्य आहे.

करायचे काय, ते अवघड नाही. गृहचौकशी अहवालाला कायद्याने १५ दिवस दिले आहेत. त्या मुदतीत समुपदेशकाने मुलाला एकटे बसवून, अधीक्षक किंवा काळजीवाहक समोर नसताना, तीन प्रश्न विचारावेत: घरी काय करत होतात? तुला इथे काय करायचे आहे? काय करायचे नाही? उत्तर मुलाच्या शब्दांत लिहावे. पालकांचे म्हणणे वेगळ्या ओळीत लिहावे, दोन्हींची खिचडी करू नये. आई एका धर्माची आणि बाप दुसऱ्या धर्माचा असेल तर दोन्ही लिहावे. कोणता ‘खरा’ ते ठरवणे परिविक्षा अधिकाऱ्याचे काम नाही. सहा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत घरचे जेवढे माहीत आहे तेवढे चालू ठेवावे, नवे काही लावू नये. पंधरा वर्षांचा मुलगा ‘मी काही मानत नाही’ म्हणाला तर तेही तसेच लिहावे आणि तेवढाच मान द्यावा.

आणि एकदा विचारून संपत नाही. आयसीपीचा प्रगती अहवाल पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर दरमहा लिहायचा असतो. या वयात मते बदलतात. पहिल्या आठवड्यात घाबरलेले मूल समोरच्याला आवडेल तेच उत्तर देते. तीन महिन्यांनी तेच मूल वेगळे सांगते.

३. प्रार्थनेचा तास

आदर्श नियमांतल्या दिनक्रमात नीतिशिक्षण आहे, प्रार्थना आणि समूहगान आहे. प्रार्थना कोणती, हे नियम सांगत नाही. ज्याला नको त्याने काय करायचे, हेही सांगत नाही. ही मोकळी जागा भरण्यासाठीच दिनक्रम बालसमितीशी (गृहातल्या मुलांच्या समितीशी) चर्चा करून ठरवावा असे त्याच नियमात म्हटले आहे. प्रत्यक्षात दिनक्रमाचा फलक रंगवून झाल्यावर बालसमितीला तो दाखवला जातो.

मुलाला मारले तर बाल न्याय अधिनियमाचे कलम ८२ आहे, पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आहे. पण टीव्ही बंद करणे, खेळायला शेवटी सोडणे, संडास-बाथरूम साफ करायची पाळी लावणे आणि ‘बेशिस्त’ असा शेरा मारणे याला कलम नाही. शेरा फायलीत जातो, फाईल समितीपुढे जाते, आणि समिती विचारते की हा मुलगा ऐकत का नाही.

केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढले होते. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती मुले आदराने उभी राहत होती, तेवढे पुरे. श्रद्धेविरुद्ध गाण्याची सक्ती करता येणार नाही. जिथे राष्ट्रगीताबाबत हे आहे, तिथे हरिपाठ, रोझरी किंवा नात (पैगंबरांची स्तुतिगीते) यांची सक्ती कशी चालेल?

जागा आणि माणसे कमी असतात, सकाळी सहाला हजेरीवर एकच काळजीवाहक असतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून वेगळी खोली मागत नाही. सामायिक वेळेला दोन मिनिटे शांतता किंवा कोणत्याही देवाचे नाव नसलेले गाणे, आणि ज्याला आपली उपासना करायची आहे त्याला त्याच हॉलच्या कोपऱ्यात पंधरा मिनिटे. नको असेल त्याला पुस्तक. हजेरी प्रार्थनेच्या आधी घ्यावी, म्हणजे प्रार्थना टाळली की गैरहजेरी लागणे बंद होईल.

४. ताट

आदर्श नियमांतला आहाराचा तक्ता तसा बारकाईने केलेला आहे. धान्य दिवसाला ६०० ग्रॅम, १६ ते १८ वयाला ७००. डाळ १२० ग्रॅम. चिकन आठवड्यातून एकदा किंवा अंडी चार दिवस. शाकाहारी मुलांसाठी पनीर किंवा गूळ-शेंगदाणे. शाकाहाराचा विचार झाला आहे, ही चांगली गोष्ट. त्यापुढचा झालेला नाही. हलाल नाही म्हणून चिकन न खाणाऱ्या मुलाला त्या दिवशी नुसता रस्सा मिळतो, आणि तोही चिकनचाच. वास्तविक तक्त्यात अंड्याचा पर्याय आहे. त्या मुलाला अंडी द्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन मुलासाठी फोडणीपूर्वी एक वाटी डाळ बाजूला काढून ठेवली की झाले.

रोजे हा स्वयंपाकघराचा सगळ्यात मोठा प्रश्न समजला जातो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो आणि सध्या दहावी-बारावीच्या परीक्षांच्या आसपास पडतो, त्यामुळे ‘परीक्षा आहे, रोजा नको’ असा तोंडी हुकूम निघतो. मूल मग गुपचूप रोजा धरते, म्हणजे सेहरीशिवाय, आदल्या रात्रीच्या जेवणावर, आणि दुपारी वर्गात चक्कर येऊन पडते. बंदीमुळे रोजे थांबत नाहीत, ते धोकादायक होतात.

व्यवस्था अशी करता येते. रमजानच्या आठवडाभर आधी समुपदेशकाने इच्छुक मुलांची यादी करावी, आणि ती फलकावर लावू नये. वैद्यकीय अधिकाऱ्याने रक्तक्षय, मधुमेह, क्षयाची आणि फिटची औषधे पाहून प्रत्येकाबद्दल लेखी मत द्यावे. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या सेहरी आणि इफ्तारला बसवता येतात का, हे डॉक्टर ठरवतील. तीनदा घ्यायच्या असतील तर बहुधा नाही, आणि ते मुलाला डॉक्टरांनीच समजावून सांगावे. रात्री नऊला स्वयंपाकघर बंद होण्यापूर्वी चपात्या, उकडलेली अंडी, केळी, दूध झाकून ठेवावे. पहाटे पाचच्या सुमारास रात्रपाळीचा काळजीवाहक ते देऊ शकतो, चूल पेटवावी लागत नाही. संध्याकाळी खजूर, पाणी आणि मग नेहमीचे जेवण. दुपारच्या जेवणाचा शिधा वाचतो, तोच सेहरीत वळवायचा. जादा अनुदान लागत नाही. मुलाला कधीही रोजा सोडता आला पाहिजे आणि त्याबद्दल कोणी, मोठ्या मुलांनीही, त्याला टोचून बोलता कामा नये.

उलट बाजूही लिहून ठेवतो. आषाढी एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी स्वयंपाकीणबाईंचा उपास असतो, म्हणून अख्ख्या गृहाला साबुदाण्याची खिचडी. कोणालाच विचारलेले नसते. वाढत्या वयाच्या पोरांना त्या दिवशी डाळ-भाजी नाही, आणि तक्त्यातली १२० ग्रॅम डाळ कागदावर मात्र वाटली गेलेली असते.

५. सण, रजा आणि मृत्यू

कलम ९८ प्रमाणे समिती मुलाला देखरेखीखाली रजेवर पाठवू शकते, एका वेळी साधारण सात दिवस, प्रवास वगळून. परीक्षा, नातेवाइकाचे लग्न, जवळच्या माणसाचा मृत्यू, पालकांचा अपघात किंवा गंभीर आजार ही त्यात दिलेली उदाहरणे आहेत. उदाहरणे आहेत, संपूर्ण यादी नव्हे. तरी ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा किंवा गावची जत्रा यांसाठीचे अर्ज ‘तरतूद नाही’ म्हणून परत येतात. गणपती आणि दिवाळीला मात्र सोडले जाते, कारण तेव्हा शाळेला आणि कार्यालयाला सुट्टी असते.

मृत्यूचे तर कलमातच लिहिले आहे, तरी मूल पोहोचत नाही. दफन बहुधा त्याच दिवशी होते आणि आदेश दुसऱ्या दिवशी निघतो. समिती महिन्यात किमान २० दिवस बसते; उरलेल्या दिवसांसाठी मुलाला एकट्या सदस्यापुढे हजर करण्याची मुभा कायद्यातच दिलेली आहे. त्याच धर्तीवर मृत्यूच्या प्रसंगी एका सदस्याने फोनवर परवानगी द्यावी आणि पुढच्या बैठकीत ती कायम करावी, एवढी सूचना पुरेशी आहे. सोबत पोलीस द्यायचाच असेल तर साध्या वेशात.

६. येणारे पाहुणे

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ साली पर्यायी संगोपनाबाबत मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. त्यांत तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: मुलाला त्याच्या धर्माच्या जाणत्या व्यक्तीला भेटता यावे, उपासनेत भाग घ्यायचा की नाही हे मुलाने ठरवावे, आणि संगोपनाच्या काळात मुलाला धर्म बदलायला कोणी उद्युक्त करू नये. आपल्याकडे नेमके उलटे चालते. मुलाने मागितलेले भन्तेजी, मौलाना किंवा फादर यांना दारावर अडवले जाते, कारण ‘वाद नको’. आणि वाढदिवसाचा केक घेऊन आलेला देणगीदार हॉलमध्ये सगळ्यांना बसवून प्रवचन देतो, पुस्तिका वाटतो, फोटो काढतो.

भेट मागणाऱ्या मुलापुरतीच असावी. व्यवस्थापन समितीची मंजुरी, ओळखपत्राची नोंद, पोलीस पडताळणी, कर्मचाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, ठरलेल्या वेळेत. देणगी आणि धर्मभेट एकाच दिवशी, एकाच माणसाकडून नको. मोबाइल दारावर जमा.

७. प्रतिपालक कुटुंब

संस्थेत निदान चार डोळे असतात. प्रतिपालक घरात मूल एकटे असते. कलम ४४ कुटुंबावर शिक्षण, आरोग्य, पोषण आणि एकंदर कल्याणाची जबाबदारी टाकते. श्रद्धेबद्दल तिथे शब्द नाही. याउलट १८९० चा पालक व पाल्य अधिनियम काढून पाहावा. अज्ञान मुलाचे हित ठरवताना न्यायालयाने त्याचे वय, लिंग आणि धर्म लक्षात घ्यावा, असे त्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे. इंग्लंडच्या १९८९ च्या बालक अधिनियमात तर एका वाक्यात प्रश्न मिटवला आहे: ताब्यात घेतलेल्या मुलाला, ताबा घेतला नसता तर ते ज्या धर्मात वाढले असते त्याखेरीज दुसऱ्या धर्मात वाढवायचे नाही.

त्याच धर्माचे कुटुंब प्रत्येक वेळी मिळणार नाही. प्रतिपालक कुटुंबेच कमी आहेत, आणि धर्म जुळत नाही म्हणून मुलाला संस्थेत खितपत ठेवणे हा त्याहून मोठा अन्याय. म्हणून आमचा आग्रह कराराचा आहे. मूल घरी नेण्याआधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: नाव बदलणार नाही, हाकेचेही; ताटात काय असेल आणि नसेल; घरच्या पूजेला किंवा प्रार्थनेला मूल बसेल की नाही हे ते ठरवेल; आणि त्याचा सण कसा साजरा होईल. मुंज, बाप्तिस्मा, सुंता, दीक्षा असा कोणताही परत न फिरवता येणारा विधी ताब्याच्या काळात करायचा नाही. सुंता वैद्यकीय कारणाने लागलीच तर समितीच्या लेखी आदेशाने. प्रतिपालन म्हणजे दत्तक नव्हे. मूल परत आपल्या आईकडे जाऊ शकते, आणि दरमहा तपासणीला जाणाऱ्या समितीने हे प्रश्न मुलाला स्वयंपाकघराबाहेर, एकट्याला विचारावेत.

काही आक्षेप आम्हाला नेहमी ऐकवले जातात. ‘सरकारी गृह धर्मनिरपेक्ष आहे, इथे धर्म नकोच.’ मग देव्हारा कुठून आला? ‘वेगवेगळे केले की मुलांत फूट पडते.’ फूट पडते ती यादी फलकावर लावल्याने आणि एकाला शिक्षा झाल्याने. ‘मुलांना काय कळते?’ ज्या मुलाच्या जबाबावर समिती त्याला बापापासून दूर ठेवते, त्याला आपण काय खातो आणि कोणापुढे हात जोडतो एवढे कळत असावे.

मर्यादाही आम्हाला मान्य आहेत, आणि त्या सूचनांत लिहिलेल्या असाव्यात. श्रद्धेच्या नावाखाली औषध बंद करणे, मुलीची शाळा सोडवणे, अल्पवयात लग्न यांना जागा नाही. जट ठेवून देवीला सोडलेल्या मुलीच्या बाबतीत देवदासी प्रथेविरुद्धचा २००५ चा कायदा लागू होतो, तिथे ‘परंपरा’ ऐकून घ्यायची नाही. अंगात येते म्हणणाऱ्या मुलाला मानसोपचार हवा, मांत्रिक नव्हे; त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. आणि एका मुलाची उपासना दुसऱ्याची झोप मोडत असेल तर तीही बसवून घ्यावी लागेल.

आमच्या मागण्या अशा आहेत. यांतल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, आपल्या सहीचे परिपत्रक पुरते.

• आयसीपीतली ‘धार्मिक श्रद्धा’ ही ओळ कोरी किंवा एका शब्दात भरलेली असेल तर बाल कल्याण समितीने आराखडा परत पाठवावा. ‘अज्ञात’ आणि ‘कोणताही नाही’ ही उत्तरे ग्राह्य धरावीत.

• पोलिसांच्या कागदावरचा धर्म तात्पुरता समजावा. मुलाला विचारून नोंद कायम होईपर्यंत शाळेच्या रजिस्टरमध्ये धर्म-जातीचा रकाना भरू नये. आधीच चुकलेल्या नोंदी मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घेण्याची जबाबदारी जिल्हा बाल संरक्षण कक्षाची असावी.

• प्रार्थना न केल्याबद्दल किंवा केल्याबद्दल कोणतीही सवलत काढून घेणे, काम लावणे, शेरा मारणे यावर लेखी बंदी असावी.

• आहार तक्त्यातले पर्याय, रोजे, उपास आणि हलाल यांबाबत स्वयंपाकघरात लावता येईल असे एक पानी पत्रक द्यावे.

• कलम ९८ खालील रजेत मुलाच्या धर्माचा मुख्य सण धरावा, आणि मृत्यूच्या प्रसंगी एका सदस्याची परवानगी त्याच दिवशी मिळावी.

• प्रतिपालक कुटुंबाच्या हमीपत्राला वर लिहिलेल्या चार अटी आणि विधींवरची बंदी जोडावी.

• कलम ५४ प्रमाणे दर तीन महिन्यांनी किमान तीन सदस्यांची तपासणी होते. तिच्यात किमान काही मुलांशी या विषयावर एकट्याने बोलणे बंधनकारक करावे, आणि पुढच्याच तपासणीपासून ते सुरू व्हावे.

परिपत्रक मराठी, हिंदी आणि उर्दूत काढावे आणि बालसमितीच्या बैठकीत मुलांना वाचून दाखवावे. मसुद्यासाठी लागेल ती मदत आम्ही विनामोबदला करू. आपले लेखी उत्तर आले की तेही आम्ही याच पत्राप्रमाणे जाहीर करू.

आपले नम्र,
बालगृहांत व प्रतिपालन क्षेत्रात काम करणारे समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि वकील